इंदिराबाईंची शनिवारची हजेरी

पिपरी मेघेच्या पुढे, जिथे वर्धा शहर संपत संपत शेतांना लागतं, तिथल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इंदिराबाई टायपिस्ट होत्या. कागदोपत्री त्या निवृत्त होईपर्यंत टायपिस्टच राहिल्या. पण २००८ साली त्या कॉलेजच्या सर्व्हरच्या पोटात नेमकं काय चाललं आहे, हे छातीठोकपणे सांगू शकेल असं एकच माणूस त्या आवारात होतं, आणि ते माणूस म्हणजे ही टायपिस्ट बाई. तिथे प्राध्यापक चाळीस होते, त्यातले आठ तर कॉम्प्युटरचेच. तरीही वस्तुस्थिती ही अशी होती, आणि ती सांगताना कुणाचा आवाज थोडा चढला तर चढू द्यावा.

त्या मूळच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी बारावी झाली तसं त्यांनी तिला आर्वीच्या टायपिंग क्लासात घातलं. तिथल्या खडखडणाऱ्या मशीनवर इंदिराबाई जे शिकल्या ते जन्मभर पुरलं. वेग तर आलाच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मूळ कागदात जे असेल ते जसंच्या तसं उतरवायचं, ही शिस्त. कागदात काय असायला हवं होतं हा टायपिस्टचा प्रश्न नव्हे. काय आहे, तेवढंच तिने बघायचं. तिथल्या सरांनी हे डोक्यात इतकं घट्ट बसवलं होतं की इंदिराबाई घरी वाण्याची यादी उतरवतानाही 'साखर दोन किलो'चं 'दोन किलो साखर' करत नसत.

१९९३ साली त्या कॉलेजात लागल्या. नवरा अच्युतराव हायस्कुलात मराठी शिकवायचे. घर पिपरी मेघेतच, कॉलेजपासून लुनाने दहा मिनिटांवर. तीन वर्षांनी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याला कुणीतरी झालरीचं कव्हर शिवून आणलं आणि पुढचे दोन महिने तो नव्या नवरीसारखा झाकून ठेवला गेला. बिघडला तर पगारातून कापतील, ही सगळ्यांना भीती. शेवटी इंदिराबाईंनी कव्हर काढलं. कळफलक तर ओळखीचाच होता, फक्त बोटांना जोर कमी लावायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हापासून कॉलेजात जी जी नवी पेटी आली ती आपोआप त्यांच्या टेबलाच्या आसपास येऊन थांबली. पहिला सर्व्हर आला तेव्हा नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने त्यांना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीनला प्रश्न कसे विचारायचे ते दाखवलं. माउस नाही, चित्रं नाहीत. अक्षरं टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. इंदिराबाईंना ते फार आवडलं. हा कारभार त्यांच्या ओळखीचा होता.

२००७च्या दिवाळीनंतर आलेलं मशीन मात्र निराळं होतं. दिसायला एक, पण आत चार. एकाच लोखंडी खोक्यात चार सर्व्हर असल्यासारखे चालायचे, आणि चारांपैकी एकालाही आपण खोक्यात आहोत हे ठाऊक नसायचं. दोन सर्व्हर ऑफिसचे, प्रवेशाचे आणि परीक्षांचे अर्ज सांभाळणारे. दोन पोरांच्या लॅबचे. त्यांना एकमेकांशी जोडणारे स्विचही आत, नुसते मानलेले. वायरीही मानलेल्या. अच्युतरावांनी हे समजून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा इंदिराबाईंनी सांगितलं की एका घरात चार भाडेकरू आहेत, घराला दोन फाटकं आहेत, आणि कोणत्या भाडेकरूने कोणत्या फाटकातून जायचं ते आत भिंतीवर लिहून ठेवलं आहे. ती दोन फाटकं तेवढी खरी होती. खोक्याच्या पाठीमागे एक वर, एक खाली अशी दोन भोकं, त्यांत दोन निळ्या वायरी. वरची वायर ऑफिसच्या जुन्या स्विचला जायची, खालची लॅबच्या नव्या स्विचला. वायरींवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण मे महिन्यात वर्धेत माणसाचीही पकड सुटते तिथे चिठ्ठीचं काय घेऊन बसलात. गोंद वितळला आणि चिठ्ठ्या गळून पडल्या.

भिंतीवरचं ते लिखाण वाचायची सोय होती. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरने दोन हुकूम लिहून दिले होते. दोन्ही लांबलचक, आणि दोन्हींच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एल. हा शेवटचा एल म्हणजे 'यादी दाखव'. पहिल्या हुकमाने आतले मानलेले स्विच दिसायचे, त्यांची नावं, कोणता भाडेकरू कुठे जोडलेला आहे, कोणता स्विच कोणत्या फाटकाला लागतो ते सगळं. दुसऱ्या हुकमाने खरी फाटकं दिसायची. वायरीत जीव आहे की नाही आणि तिचा वेग किती, शंभर की हजार.

इंजिनिअर म्हणाला होता, अधूनमधून बघत जा. इंदिराबाईंनी त्याचा नेम केला. दर शनिवारी साडेअकराला त्या सर्व्हरच्या खोलीत जायच्या, दोन्ही हुकूम द्यायच्या आणि पडद्यावर जे येईल ते लांब रजिस्टरात हाताने उतरवायच्या. अक्षर न् अक्षर. गेल्या शनिवारसारखंच असलं तरी 'वरीलप्रमाणे' असं लिहायचं नाही, पुन्हा सगळं उतरवायचं. त्याला त्या हजेरी म्हणायच्या. मधुकरराव शिपाई दारात उभे राहून हसायचे. जे मशीन स्वतःच सगळं लक्षात ठेवतं ते वहीत कशाला लिहायचं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. इंदिराबाई पुढची ओळ लिहायला घेत. वही भरत जायची.

जूनमध्ये धीरज सर आले. वय सव्वीस, नागपूरहून एमसीए, हुशार पोरगा, मनाने वाईट नाही. पण नव्या माणसाला आल्या आल्या काहीतरी बदलून दाखवावं लागतं. त्यांना कॉम्प्युटर विभागाचं इन्चार्ज केलं होतं. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक सुंदर खिडकी उघडायची, तीत सर्व्हरची रंगीत चित्रं, माउसने ओढावं तिकडे सरकणारी. काळ्या पडद्यापुढे बसून वहीत आकडे लिहिणारी टायपिस्ट बाई त्यांना बघवेना. शिवाय सर्व्हरचा पासवर्ड तिच्याकडे आहे हे कळल्यावर तर त्यांना रात्रीची झोप लागेना म्हणतात. सप्टेंबरात त्यांनी प्राचार्यांना टिपण दिलं. सर्व्हरची खोली तांत्रिक माणसांसाठीच असावी आणि इंदिराबाईंना आवक-जावक टेबलावर घ्यावं, असं त्यात होतं. प्राचार्य प्रभाकरराव म्हणाले, आदेश टाइप करून आणा, दसऱ्यानंतर सही करतो.

टाइप कोण करणार? कॉलेजात टायपिस्ट एकच.

इंदिराबाईंनी स्वतःच्या बदलीचा आदेश स्वतः टाइप केला. समास चोख, ओळी सरळ, एक अक्षर खाडाखोड नाही. मूळ कागदात जसं होतं तसं. तीन प्रती काढून त्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि जाग्यावर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला. अच्युतरावांना एवढंच म्हणाल्या की भूक नव्हती. पण बाईंना वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. पंधरा वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं, बढती नाही, पंखा नाही. ती एक खोली तेवढी आपली आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

मग खंडे नवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. शेतकरी नांगर-वखर पुजतो, सुतार करवत पुजतो, आणि इंदिराबाई १९९३ पासून टाइपरायटर पुजत होत्या. टाइपरायटर गेला तेव्हा कॉम्प्युटर आला, नंतर सर्व्हर. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यामुळे नवमीला दुपारीच सर्व्हर रीतसर बंद व्हायचा. बाई कोरड्या फडक्याने तो पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल वाहायच्या आणि दसऱ्यानंतरच्या सकाळी चालू करायच्या. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की ही आपली शेवटची पूजा, नीट होऊ दे. एरवी पुढूनच पुसायचं ते त्यांनी मागूनही पुसलं. मागे धूळ बोटभर. फडकं आत जाईना म्हणून दोन्ही वायरी काढल्या, जागा लख्ख केली, वायरी परत लावल्या. डोळे भरून आले होते, हे त्या पुढे कधीच कबूल करणार नाहीत. धीरज सर दारातून डोकावून म्हणाले होते की कुंकवाने सर्व्हर चालत नसतो, मॅडम.

दसऱ्यानंतरच्या सकाळी सर्व्हर चालू केला आणि कॉलेज बंद पडलं. म्हणजे सर्व्हर चालू होता, दिवे लुकलुकत होते, मागच्या दोन्ही भोकांजवळचे हिरवे दिवेसुद्धा पेटले होते. पण ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागेना. लॅबमध्ये तेच. धीरज सरांची ती सुंदर खिडकी उघडेचना, नुसतं वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. हिवाळी परीक्षेचे अर्ज विद्यापीठात पाठवायचा तो शेवटचा दिवस होता, आणि अकरापर्यंत ऑफिसच्या अर्ज घ्यायच्या खिडकीसमोरची पोरांची रांग झेंड्याच्या खांबापर्यंत गेली.

धीरज सरांनी मशीन बसवणाऱ्या कंपनीला नागपूरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला की परवाच्या आधी कुणी येऊ शकत नाही. तोवर आतली नेटवर्कची मांडणी सगळी पुसून नव्याने करून पाहा. पोरगं घाबरलेलंच होतं, त्याला बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. प्राचार्यांच्या खोलीत उभं राहून त्याने सांगितलं की बाई दर शनिवारी काळ्या पडद्यावर काहीतरी हुकूम देतात, त्यातूनच मांडणी बिघडली असणार, आता सगळं पुसून पहिल्यापासून उभं करावं लागेल.

प्रभाकररावांनी इंदिराबाईंना बोलावलं. त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली, तो आदेश होता. बाईंना तो दिसला. आता सही व्हायला उशीर लागणार नाही हेही दिसलं. टायपिस्ट बाईने सर्व्हर बिघडवला, एवढं एक वाक्य त्या आदेशाखाली बसलं की पंधरा वर्षांवर पाणी.

"सर, पुसायच्या आधी मले दहा मिनिटं पाहू द्या," बाई म्हणाल्या. "त्या हुकमानं नुसतं दिसते. बदलत काई नाई."

प्रभाकरराव गणिताचे माणूस. त्यांनी घड्याळ पाहिलं, रांग पाहिली, आणि दहा मिनिटं दिली. धीरज सर पुन्हा फोनला लागले.

खोलीत बाई एकट्याच होत्या. रजिस्टर उघडून त्यांनी गेल्या शनिवारचं पान मांडीवर घेतलं आणि पहिला हुकूम दिला. पडद्यावर यादी आली. पदराने चष्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली, एक बोट वहीवर, एक बोट पडद्यावर, आर्वीच्या क्लासात तपासणीला बसावं तशी. पहिला स्विच, नाव तेच. वायरी जोडायच्या मानलेल्या जागा चौसष्ट, चौसष्टच. त्यावर ऑफिसचे दोघे भाडेकरू, आहेत. पहिल्या फाटकाला जोडलेला, आहे. दुसरा स्विच, लॅबचे दोघे, दुसरं फाटक. सगळं आहे. एक टिंब इकडचं तिकडे नाही. म्हणजे आत काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि धीरज सर जे पुसायला निघाले होते ते अगदी धडधाकट होतं.

मग दुसरा हुकूम. दोन ओळी आल्या. पहिलं फाटक, वायरीत जीव आहे, वेग हजार.

बोट थांबलं. वहीत शंभर होतं.

खालची ओळ. दुसरं फाटक, वेग शंभर. वहीत हजार. त्यांनी मागची पानं उलटली. अकरा महिन्यांचे शनिवार, प्रत्येक पानावर आधी शंभर, मग हजार. एकदाही उलटं नाही. ऑफिसचा जुना स्विच शंभराच्या वर कधी धावलाच नव्हता. तो दोन दिवसांत हजाराने कसा धावेल? धावत नव्हताच. पहिल्या फाटकात आज दुसरीच वायर होती.

बाई उठल्या आणि खोक्यामागे वाकल्या. दोन निळ्या वायरी, दोन हिरवे दिवे, सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. वरच्या वायरीच्या टोकाला कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. त्यांचंच बोट. नवमीला काढल्या त्या वायरी त्यांनी उलट्या लावल्या होत्या. ऑफिसचे भाडेकरू लॅबच्या रस्त्याला लागले होते आणि लॅबचे ऑफिसच्या. काखेत कळसा होता आणि गावाला नागपूरपर्यंत वळसा चालला होता.

दहातली पाच मिनिटं उरली होती. दार लोटलेलं होतं. हात पुढे केला असता तर दोन वायरी बदलायला पाच सेकंदं लागली असती. बाहेर येऊन म्हणायचं, झालं बघा. सगळ्यांनी वाहवा केली असती, धीरज सरांचं तोंड एवढंसं झालं असतं, आदेश फाटला असता, आणि कुंकवाच्या त्या बोटाचा कुणाला पत्ताही लागला नसता. कबूल केलं तर? तर धीरज सर म्हणत होते तेच खरं ठरत होतं. बाईनेच बिघडवलं. कुंकवाच्या नादात बिघडवलं. मग सर्व्हरच्या खोलीत टायपिस्ट कशाला, या प्रश्नाला कुणाकडे काय उत्तर राहिलं असतं?

बाईंचा हात वायरीपर्यंत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि मधुकररावांना हाक मारून दोघांना बोलावून आणायला सांगितलं.

प्राचार्य आले, पाठोपाठ धीरज सर. बाईंनी वही पडद्याशेजारी धरली.

"सर, मशीनमध्ये काईच बिघडलं नाई," त्या म्हणाल्या. "आतली एक ओळ बदलली नाई. वायरी उलट्या लागल्या आहेत, अन् त्या मीच लावल्या. नवमीले पुसाले काढल्या होत्या."

मग त्यांनी शंभर आणि हजार दाखवले, आजचे आणि प्रत्येक शनिवारचे. धीरज सर वाकून बघत राहिले. पान उलटलं, आणखी एक उलटलं. अक्कल होती पोराला, दोन आकड्यांत त्याला सगळं कळलं. बाई बाजूला झाल्या आणि त्यांना म्हणाल्या की तुम्ही इन्चार्ज आहात, वायरी तुमच्या हाताने बदला. त्यांनी बदलल्या. मिनिटभराने ऑफिसातून कुणीतरी ओरडलं की आलं, आलं, आणि झेंड्याच्या खांबापाशी पोरांनी टाळ्या पिटल्या.

खोलीत धीरज सर हळूच म्हणाले की म्हणजे चूक मॅडमचीच होती.

"हो," प्रभाकरराव म्हणाले. "अन् तुले ते त्यांनी सांगतलं म्हणून समजलं. तू सगळं पुसून नवं केलं असतं तं चाललं असतं काय?"

धीरज सरांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचा मोह त्यांनाही झाला असेल. पण ते म्हणाले की नाही सर, चाललं नसतं, आणि जुनी मांडणी पुसल्यावर मूळ दुखणं कुठे होतं तेही कधी सापडलं नसतं.

प्रभाकररावांनी दुपारी तो आदेश मागवला. धीरज सरांच्या देखत त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की सर्व्हरची खोली इंदिराबाईंकडेच राहील, इन्चार्जनी दर शनिवारी साडेअकराला त्यांच्यासोबत बसावं. कागद पुन्हा टाइप करायला इंदिराबाईंकडेच आला. त्यांनी तो टाइप केला, जसाच्या तसा, तीन प्रतींत.

पुढच्या शनिवारी धीरज सर खरंच आले, स्वतःची वही घेऊन. पहिल्यांदा रागाने आले, मग नाइलाजाने. दिवाळीनंतर मात्र साडेअकराच्या आधीच येऊन बसायला लागले. आज ते हैदराबादला मोठ्या पगारावर आहेत आणि हाताखालच्या पोरांना म्हणे दर आठवड्याला यादी हाताने लिहायला लावतात. पोरं वैतागतात. वैतागू देत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी बाई लुना लावून घरात आल्या, चपला काढल्या आणि सगळी हकिगत अच्युतरावांना सांगितली. अच्युतराव मास्तर असले तरी संसारी माणूस. ते चहा घेता घेता थांबले.

"तू एकटीच होती ना आत? मंग चूपचाप वायरी बदलून टाकायच्या होत्या. कोणाले समजलं असतं?"

बाईंनी कपात साखर घातली, चमच्याने ढवळली.

"दर शनिवारी मी त्या मशीनले म्हणते, जसं आहे तसं दाखव," त्या म्हणाल्या. "त्यानं आजपर्यंत मले एक आकडा लपवला नाई. अन् आज त्यानं माझीच चूक दाखवली, तं मी कशी लपवू?"

अच्युतरावांनी कप खाली ठेवला. ते उठले आणि शेजारच्या घरी गेले. मग पलीकडच्या. त्यानंतर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे. रात्रीच्या जेवणापर्यंत पिपरी मेघेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक झालं होतं की आपल्या इंदिराबाईंनी आज कॉलेजात चूक केली, ती शोधली, आणि सगळ्यांसमोर सांगितली. सांगताना अच्युतराव हाच क्रम ठेवायचे, आणि शेवटचा भाग दोनदा सांगायचे.